नारळी पौर्णिमा आणि नौकेच्या पंख्याची निगा

श्रावणी पौर्णिमेस कोळी बांधव सागरास श्रीफळ अर्पण करतात आणि पावसाळ्यात किनाऱ्यावर ओढलेल्या नौका पुन्हा पाण्यात लोटतात. आम्ही बिलोलीकर मांजरा-गोदावरीच्या गोड्या पाण्याकाठचे. खाऱ्या पाण्यातील बार्नेकल नामक कवचधारी जीव आम्हांस अपरिचित.

हा जीव बालपणी पाण्यात तरंगतो, मग डोके टेकवून स्वतःच्याच चिकाने नौकेस जन्माचा जखडतो. चार्ल्स डार्विन यांनी त्याच्या अभ्यासात 1846 ते 1854 अशी 8 वर्षे वेचली. पंखा व शाफ्ट यांवर त्याचा थर चढला की वेग मंदावतो, डिझेल अधिक जळते आणि कोळ्याच्या मिळकतीस गळती लागते.

नौका दीर्घकाळ निश्चल राहिली की हा जीव बसतो. म्हणून तिला अधूनमधून हलवावे. कवच कोवळे असतानाच लाकडी पट्टीने खरवडावे, तळाची चकतीही काढावी, पंखा घासून गुळगुळीत करावा. शाफ्टच्या रक्षणार्थ स्वतः झिजणाऱ्या जस्ताच्या तुकड्यास मात्र रंग लावू नये.

वाचकहो, सेंद्रिय कथिलाच्या रंगांनी शंखशिंपल्यांस अपाय होतो, म्हणून 2008 पासून आंतरराष्ट्रीय कराराने नौकांवर त्यांस बंदी आहे. ज्या सागरास नारळ वाहावयाचा, त्यातच विष कालवणे शोभत नाही.