रीमॅप केलेली व्हर्टस जीटी धक्के देतेय? गिअरबॉक्स उतरवण्याआधी हे वाचा

चाकणला बनणाऱ्या या गाडीच्या १.५ टीएसआय इंजिनाचा मूळ टॉर्कच २५० न्यूटन-मीटर आहे आणि तिच्या ड्राय क्लच डीएसजीची (डीक्यू२००) मर्यादाही तेवढीच. म्हणजे रीमॅपआधीच गिअरबॉक्स काठावर. त्यामुळे जरा धक्का बसला की सगळे डीएसजीला दोष देतात. पण बऱ्याचदा दोषी इंजिनच असतं!

आधी स्कॅनर लावा. कोड वाचा, लिहून ठेवा, मगच पुसा. मग गाडी चालवून पाहा: मॅन्युअल मोडमध्ये चौथा गिअर, दोन हजार आरपीएम, आणि पूर्ण थ्रॉटल. गाडी अडखळली आणि मिसफायर काउंटर वाढला, तर वाढलेल्या बूस्टपुढे ठिणगी कमी पडतेय. पी०३०२ आला तर दुसऱ्या सिलिंडरचा कॉइल तिसऱ्यावर टाका. कोड पी०३०३ झाला, तर कॉइल गेला. नाही हलला, तर प्लग, मग इंजेक्टर, शेवटी कम्प्रेशन. चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर ॲक्सिलरेटर लगेच सोडा, नाहीतर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जातो.

आरपीएम चढतोय पण वेग नाही? तो क्लच. इथे एक खूण फार कामाची: १-३-५-७ एका क्लचवर, २-४-६ आणि रिव्हर्स दुसऱ्यावर. त्रास फक्त सम गिअर आणि रिव्हर्सला असेल, तर कुठे पाहायचं ते कळलंच.

हलक्या थ्रॉटलवरची बारीक थरथर मात्र बिघाड नसून, इंधन वाचवण्यासाठी इंजिन दोन सिलिंडर आपोआप बंद करतं, त्याचीही असू शकते.

ट्यूनरकडे जाताना स्कॅनरचा लॉग घेऊन जा, नुसतं वर्णन नको.