चूक माणसाची की वस्तूची?

दार ढकलावे की ओढावे, हे समजण्यासाठी त्यावर पाटी लावावी लागत असेल, तर दोष येणाऱ्याच्या बुद्धीत नसून दाराच्या घडणीत आहे. सपाट पत्रा दिसला की हात आपोआप ढकलतो आणि मूठ दिसली की ओढतो. डोनाल्ड नॉर्मन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८८ साली नित्य वापरातील वस्तूंच्या मानसशास्त्रावर लिहिलेल्या ग्रंथात हाच विचार सविस्तर मांडला. वापरणाऱ्याच्या सोयीचा विचार करून वस्तू घडविण्याच्या या शास्त्राला आज ‘यूजर एक्स्पिरियन्स डिझाइन’ असे भारदस्त नाव मिळाले आहे. विषय मात्र आपल्या दुकानातला, घरातला आणि खिशातला आहे.

आपल्या पूर्वजांची लाल कापडी बांधणीची वही आठवून पाहा. तिच्या पानांवर छापील रेघा नसत. कागदाला उभ्या घड्या घालून रकाने पाडले जात. डावीकडे जमा, उजवीकडे नावे. समईच्या मंद उजेडातही घडी बोटाला लागे आणि रक्कम आपल्या रकान्यात पडे. संध्याकाळी रोजमेळ जुळवायचा, हा शिरस्ता. म्हणजे आजची चूक आजच सापडे, महिनाअखेरपर्यंत दडून राहत नसे. उत्तम रचनेची दोन लक्षणे येथेच दिसतात : योग्य जागा हाताला आपोआप सापडावी आणि चूक झाल्यास ती तत्काळ कळावी.

एटीएम यंत्राचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. २७ जून १९६७ रोजी लंडनजवळील एन्फिल्ड येथे बार्कलेज बँकेने असे यंत्र प्रथम बसविले. त्यामागे असलेल्या जॉन शेफर्ड-बॅरन यांचा जन्म आपल्या शिलाँगचा. गुप्त क्रमांक सहा आकडी ठेवण्याचा त्यांचा मानस होता. परंतु पत्नीने आपल्याला चारच आकडे नीट लक्षात राहतात असे सांगितले आणि क्रमांक चार आकडी झाला, अशी हकिगत त्यांनीच पुढे सांगितली. माणसाच्या स्मरणशक्तीला नावे ठेवण्यापेक्षा यंत्राला तिच्या मापाचे करणे त्यांना अधिक शहाणपणाचे वाटले.

पुढे एक नवीच अडचण आली. आरंभीच्या काही यंत्रांत पैसे आधी बाहेर येत आणि कार्ड नंतर. माणूस यंत्राकडे जातो तो पैशांसाठी. ते हाती पडले की मनाने काम संपलेले असते. पाय बाहेर वळतात आणि कार्ड मागे राहते. ‘कार्ड घेण्यास विसरू नका’ अशी सूचना लावून हे थांबत नाही. अनेक ठिकाणी क्रम उलटा केला गेला : कार्ड काढून घ्या, मगच पैसे मिळतील. केवळ क्रम बदलल्याने विसरण्याची संधीच उरली नाही.

आता टेबलावरचा कॅलक्युलेटर आणि मोबाइल शेजारी ठेवा. कॅलक्युलेटरवर ७-८-९ वरच्या ओळीत आहेत, फोनवर १-२-३. बेरीज-यंत्रांच्या परंपरेतून पहिली मांडणी आली. दुसरी बेल कंपनीच्या संशोधकांनी निरनिराळ्या मांडण्या लोकांकडून वापरवून घेऊन १९६० च्या सुमारास निवडली आणि १९६३ मध्ये बटणांचा फोन बाजारात आला. दिवसभर कॅलक्युलेटरवर बोटे चालविणाऱ्या मुनीमजींचा हात फोनवर आकडे दाबताना अडखळला, तर त्यात नवल नाही. दोन वस्तूंनी त्यांच्या बोटांना दोन परस्परविरुद्ध सवयी लावलेल्या असतात.

चलनी नोटांची गोष्ट अधिक गंभीर आहे, कारण ती अंध बांधवांच्या स्वावलंबनाशी निगडित आहे. जुनी शंभराची नोट १५७ मिलिमीटर लांबीची होती आणि जुनी पाचशेची १६७. बोटांनी मापून हा फरक ओळखता येई. नव्या मालिकेत शंभराची नोट १४२, दोनशेची १४६ आणि पाचशेची १५० मिलिमीटर आहे. चार मिलिमीटरचा फरक गल्ल्यावरच्या घाईत हाताला कसा कळावा? नोटेच्या डाव्या-उजव्या कडांना उठावाच्या तिरप्या रेषा आहेत : शंभरावर चार, पाचशेवर पाच. परंतु नोट वापरून मऊ झाली की हा उठावही झिजतो. जानेवारी २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने नोट ओळखून रक्कम बोलून सांगणारे ‘मनी’ हे मोबाइल अॅप आणले, ते स्वागतार्हच आहे. तरीही जे काम पूर्वी बोटे विनासायास करीत, त्यासाठी आता फोन लागतो, हेही नोंदविले पाहिजे. याउलट वीस रुपयांचे नाणे बारा कडांचे आहे. ते खिशातल्या खिशात ओळखता येते.

२०१६ साली यूपीआय आले आणि व्यापाराची रीत पालटली. दुकानदाराचे हात तराजूत आणि डोळे गिऱ्हाइकावर गुंतलेले असतात. कान मात्र मोकळे असतात. हे ओळखून ज्याने रक्कम बोलून दाखविणारी पेटी तयार केली, त्याला दुकान कळले होते. गिऱ्हाइकाच्या फोनवर दिसणारे चित्र खोटे असू शकते. आपल्या पेटीचा आवाज हा आपल्या खात्यातल्या जमेचा असतो.

याच व्यवस्थेतला धोकाही जाणून घ्यावा. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. पिन टाकणे म्हणजे पैसे देणे. तथापि वयोवृद्ध माणसाला ‘पैसे स्वीकारण्यासाठी पिन टाका’ असे कोणी फोनवर मधाळ शब्दांत सांगितले, की तो फसतो. मग घरातलीच मंडळी ‘तुम्हाला काही कळत नाही’ म्हणून त्याला बोलतात. पैसे गेल्याहून हा घाव खोल असतो. देण्याचा आणि घेण्याचा पडदा इतका भिन्न दिसावा की घोटाळा होऊच नये, ही अपेक्षा वस्तू घडविणाऱ्यांकडून ठेवणे रास्त आहे. तोवर हा एक नियम घरातल्या प्रत्येक ज्येष्ठाला शांतपणे समजावून सांगणे हे आपले काम.

व्यापारी कुटुंबांनी यातून काय घ्यावे? नवे बिलिंग सॉफ्टवेअर घेताना विक्रेत्याचे प्रात्यक्षिक पाहून निर्णय करू नये. दुकानातील सर्वांत जुन्या मुनीमजींना आणि सर्वांत नव्या मुलाला त्यावर पाच बिले करू द्यावीत. आपण शेजारी बसावे, पण काही सांगू नये. त्यांचा हात कोठे थबकतो, चुकीची रक्कम पडल्यावर ती सहज मागे घेता येते का, ‘रद्द करा’ आणि ‘जतन करा’ ही बटणे एकमेकांना चिकटून तर नाहीत ना, एवढे टिपून ठेवावे. हाच नियम मालाच्या फळ्यांना, दरपत्रकाला आणि पावतीच्या अक्षरांच्या आकारालाही लावता येईल. एकाच ठिकाणी दोन-तीन माणसे चुकत असतील, तर माणसे बदलण्यापूर्वी ती जागा बदलून पाहावी. बहुधा तेवढ्याने काम भागते, आणि खर्चही फार येत नाही.