वजन घटवायचे? आधी कंबर मोजा

नववर्षाचा संकल्प असो वा डॉक्टरांनी दिलेली ताकीद, वजन कमी करण्याचा निर्धार बहुतेक घरांत एकदा तरी होतोच. नवे बूट येतात, जिमचे वर्षभराचे शुल्क भरले जाते, ताटातून भात हद्दपार होतो. पहिल्या आठवड्यात काटा दीड-दोन किलोंनी खाली येतो आणि उत्साह दुणावतो. तिसऱ्या आठवड्यात मात्र काटा जागचा हलत नाही आणि महिनाअखेरीस बूट पुन्हा कपाटात जातात. हा दोष केवळ इच्छाशक्तीचा नसतो. काय घटवायचे, किती घटवायचे आणि ते कशाने मोजायचे, याचा हिशेबच बऱ्याचदा सुरुवातीला चुकलेला असतो.

सडपातळ शरीरातील चरबी

'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २००४ साली दोन संशोधकांचे एक छायाचित्र प्रसिद्ध झाले. एक होते पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय, म्हणजे किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा अंक, अगदी सारखा म्हणजे २२.३ होता. शरीरातील चरबीचे प्रमाण मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के आढळले. वजनाच्या काट्यावर जो फरक दिसत नाही, तो या एका छायाचित्राने दाखवून दिला.

भारतीयांच्या शरीरात तुलनेने स्नायू कमी व चरबी अधिक असते आणि ती पोटाभोवती साठण्याकडे कल असतो. यकृत, आतडी अशा अवयवांभोवती साठणारी ही चरबी इन्शुलिनच्या कार्यात अडथळा आणते. त्यातून मधुमेह, उच्च रक्तदाब व हृदयविकाराची वाट मोकळी होते. 'आयसीएमआर-इंडियाब' या देशव्यापी पाहणीचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष याला पुष्टी देतात. बीएमआयच्या निकषावर २८.६ टक्के प्रौढ लठ्ठ ठरले. पोटाच्या घेराच्या निकषावर हेच प्रमाण ३९.५ टक्के होते. म्हणजे काट्याने ज्यांना निर्दोष ठरवले, त्यांपैकी अनेकांना फितीने पकडले.

म्हणूनच भारतीयांसाठी २००९ साली तज्ज्ञांनी स्वतंत्र मर्यादा सुचविल्या. बीएमआय २३ च्या वर गेल्यास वजन जास्त आणि २५ च्या वर गेल्यास लठ्ठपणा समजावा. कंबरेचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटरच्या व स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा. घेर मोजताना पँटच्या मापावर विसंबू नये. सकाळी अनशापोटी, शेवटची बरगडी व कमरेचे हाड यांच्या मधोमध फीत आडवी धरावी आणि नेहमीसारखा श्वास सोडल्यावर, पोट आत न ओढता, माप घ्यावे. तारखेसह लिहून ठेवलेला हा आकडा हीच खरी सुरुवात होय.

थोडक्याचा मोठा लाभ

'वीस किलो कमी करायचे' हे उद्दिष्ट ऐकायला बरे वाटते, पण त्याची गरज पहिल्या टप्प्यात नसते. अमेरिकेतील मधुमेह प्रतिबंधाच्या मोठ्या प्रयोगात मधुमेहाच्या उंबरठ्यावरील व्यक्तींना वजनात ७ टक्के घट आणि आठवड्याला १५० मिनिटे व्यायाम एवढेच लक्ष्य देण्यात आले होते. २००२ साली जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांच्यात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. ८० किलो वजनाच्या व्यक्तीसाठी ७ टक्के म्हणजे साडेपाच किलो.

चेन्नईतील डॉ. ए. रामचंद्रन यांच्या चमूचा अशाच स्वरूपाचा भारतीय प्रयोग २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यात आहार व चालण्यातील बदलांनी मधुमेहाचा धोका २८.५ टक्क्यांनी कमी झाला आणि तोही सहभागी व्यक्तींचे वजन फारसे उतरलेले नसताना. काटा स्थिर असला, तरी शरीराच्या आत सुधारणा चालू असू शकते, हा त्याचा अर्थ.

पहिल्या आठवड्यातील झपाट्याने होणारी घट ही मुख्यतः पाण्याची असते. खाणे कमी होताच यकृत व स्नायूंतील ग्लायकोजेनचा साठा वापरला जातो आणि त्याच्याशी बांधलेले पाणी बाहेर पडते. चरबी मात्र सावकाश उतरते. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी साठलेल्या असतात. रोज ५०० कॅलरींची तूट राखली, तर आठवड्याला जेमतेम अर्धा किलो चरबी घटेल. त्यामुळे तिसऱ्या आठवड्यात संथ झालेला काटा हे अपयशाचे लक्षण नव्हे.

ताटातील बदल

मराठी घरातील ताट मुळात वाईट नाही. त्यातील प्रमाण बिघडले आहे. पोळी, भात आणि बटाट्याची भाजी एकत्र आली की पिष्टमय पदार्थांचीच गर्दी होते आणि आमटी पातळ होत होत प्रथिने नावापुरती उरतात. निम्मे ताट भाज्या व कोशिंबिरीचे, पाव ताट पोळी, भाकरी किंवा भाताचे आणि पाव ताट मटकीची उसळ, पिठले, अंडी, मासे यांसारख्या प्रथिनांचे, ही विभागणी सोपी आहे. सोबत वाटीभर दही किंवा ताक असावे. प्रथिनांमुळे पोट भरल्याची भावना टिकते आणि वजन उतरताना स्नायूंची झीज कमी होते.

न दिसणाऱ्या कॅलरींकडेही लक्ष हवे. एक ग्रॅम पिठूळ पदार्थातून किंवा प्रथिनातून ४ कॅलरी मिळतात, तर एक ग्रॅम तेलातून ९. फोडणीतील एक मोठा चमचा तेल कमी केले, तरी सुमारे १२० कॅलरी वाचतात. साखर आहाराच्या एकूण ऊर्जेच्या ५ टक्क्यांपर्यंत, म्हणजे दिवसाला साधारण २५ ग्रॅमपर्यंत ठेवणे उत्तम, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले. दोन-दोन चमचे साखरेचे चार कप चहा झाले की ही मर्यादा सकाळ-संध्याकाळच्या चहातच ओलांडली जाते. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण साबुदाणा, बटाटा, दाण्याचा कूट आणि तूप यांनी सजलेल्या फराळाला आजही लागू पडते.

महाराष्ट्रात २०१८ च्या सुमारास डॉ. जगन्नाथ दीक्षित यांची दिवसातून दोनदाच जेवण्याची पद्धत आणि ऋजुता दिवेकर यांचा थोड्या थोड्या अंतराने खाण्याचा सल्ला, यांवरून घरोघरी वाद रंगले. त्याच वर्षी स्टॅनफर्ड विद्यापीठाने एका वेगळ्या वादाची परीक्षा घेतली. ६०९ व्यक्तींपैकी काहींना कमी चरबीचा, तर काहींना कमी पिष्टाचा आहार वर्षभर देण्यात आला. सरासरी घट अनुक्रमे ५.३ व ६ किलो झाली. हा फरक लक्षणीय नव्हता. मात्र दोन्ही गटांत व्यक्तिगणिक तफावत मोठी होती. पद्धत कोणती, यापेक्षा ती घरातील वेळापत्रकात वर्षभर बसेल का, हा प्रश्न आधी विचारणे शहाणपणाचे ठरते.

चालणे आणि जोर-बैठका

निव्वळ व्यायामाने वजन फारसे उतरत नाही. ७० किलो वजनाची व्यक्ती अर्धा तास झपाट्याने चालली, तर साधारण १४० कॅलरी खर्च होतात. एका वडापावात त्याच्या दुप्पट असतात. तरीही व्यायाम अनिवार्य आहे, कारण तो पोटाची चरबी घटवतो, स्नायू टिकवतो आणि उतरलेले वजन पुन्हा चढू देत नाही.

वर्षानुवर्षे खुर्चीत बसलेल्यांनी पहिल्या आठवड्यात रोज १० ते १५ मिनिटे चालावे आणि दर आठवड्याला ५ मिनिटे वाढवावीत. बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही, एवढा वेग पुरेसा आहे. आठवड्यातून दोनदा स्नायूंना ताण देणारा व्यायाम हवा. भिंतीला हात टेकून काढलेले जोर आणि खुर्चीवरून हातांचा आधार न घेता दहा वेळा उठणे-बसणे, हा त्याचा घरगुती प्रारंभ. गुडघे व पाठ साथ देत असल्यास पुढे सूर्यनमस्कार घालावेत.

मधुमेहासाठी इन्शुलिन किंवा गोळ्या घेणाऱ्यांनी जेवणाच्या वेळा परस्पर बदलू नयेत. रक्तातील साखर एकाएकी उतरून घेरी येण्याचा धोका असतो. हृदयविकार, मूत्रपिंडाचे विकार किंवा गर्भारपण असल्यास, तसेच चालताना छातीत दुखत असल्यास, प्रथम डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

बारा आठवड्यांनी त्याच फितीने, त्याच वेळी, पुन्हा घेर मोजावा आणि शक्य असल्यास उपाशीपोटीची साखर व रक्तदाबही तपासून घ्यावा. काटा अवघा तीन किलोंनी उतरला असला, पण कंबर तीन-चार सेंटिमीटरनी आत आली असली, तर मार्ग योग्य आहे असे समजून पुढील बारा आठवडे तोच दिनक्रम चालू ठेवावा.