ओढ्याचा काठ राखा, रान वाचवा



अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या आसपासच्या शिवारात एक गोष्ट नेहमी दिसते. औत थेट ओढ्याच्या कडेपर्यंत जातं. दोन तासं जास्त मिळतात, असा आपला हिशेब. पण ऑक्टोबर 2020 च्या अतिवृष्टीत ओढ्यांनी काठची रानं कशी खरवडली, ते आठवा. दोन तासांच्या लोभानं कितीतरी तासं जातात!

काळी माती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते. काठावर मुळं नसली की दरड सुटते. ती माती ओढ्यातून सीना, बोरी, भीमेत जाते. डोह गाळानं भरतात, झरे बुजतात. शेतातला युरियाही पाण्याबरोबर वाहून जातो.

मग करायचं काय? काठालगतची निदान 20 फूट पट्टी नांगरू नका. तीत तीन थर लावा.

1. पाण्याकडच्या उतारावर वाळा. ठोंबं अर्ध्या-अर्ध्या फुटावर, आडव्या ओळीत. मुळं खोल जातात, माती धरतात.
2. त्यामागं निरगुडी आणि बांबू. निरगुडी छाटानं लागते, जनावरं तिला सहसा तोंड लावत नाहीत.
3. शेताकडं करंज, जांभूळ, उंबर. करंज-जांभूळ 10-12 फुटांवर, उंबर त्याहून लांब लावा.

खड्डे उन्हाळ्यात काढून ठेवा, लावण मृग-आर्द्रात पाऊस लागला की करा. आपल्याकडं पाऊस बेभरवशाचा, म्हणून पहिली दोन वर्षं उन्हाळ्यात मडक्यानं पाणी द्या आणि काटेरी कुंपण घाला. वेडी बाभूळ, बेशरम लावू नका. ऐन पात्रातही झाड नको. पाणी अडून पूर रानात शिरेल.

आता कुणी विचारील, "कारखान्याचं रंगीत पाणी ओढ्यात आलं, तर झाडं ते गाळतील का?" नाही. झाडं माती धरतात, सावली देतात, वाहतं खत थोडंफार अडवतात. रसायनाचं पाणी शुद्ध करूनच सोडायचं, असा 1974 चा जलप्रदूषणाचा कायदा आहे. असं पाणी दिसलं तर ग्रामपंचायतीमार्फत प्रदूषण नियंत्रण मंडळाकडं लेखी तक्रार करा.

एकट्यानं काठ राखून भागत नाही. समोरच्या थडीचा शेजारीही सोबत घ्या. ओढा दोघांचा आहे, दरड सुटली तर तोटाही दोघांचाच. यंदा मृगाआधी दोघं मिळून काठावरनं एक फेरी मारा आणि पट्टीची खूण करून टाका.