उशाशी मोसंबी

महाराष्ट्रात आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हाताने जाण्याची रीत नाही, आणि त्या हातातल्या पिशवीत बहुधा मोसंबीच असते. फळ मवाळ, आंबटपणा बेताचा, रस पचायला हलका. म्हणून दवाखान्याच्या दारात फळांची गाडी उभी असली की तिच्यावर मोसंबीचा ढीग हा असायचाच. त्या ढिगातील कित्येक फळे जालना जिल्ह्यातून आलेली असतात. जालना, बदनापूर, अंबड, घनसावंगी या तालुक्यांतील मध्यम काळ्या जमिनीत ही बाग चांगली रुजली. बदनापूरला मोसंबीचे संशोधन केंद्र आहे, आणि २०१६ मध्ये जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकनही मिळाले. सगळ्या मुलखातील आजाऱ्यांच्या उशाशी फळ पोचवणाऱ्या या बागांचा धनीच जेव्हा अंथरुणाला खिळतो, तेव्हा त्याच्या उशाशी काय पोचावे, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही.

हा प्रश्न व्यापारी कुटुंबांनाही परका नाही. जालन्यात मोंढ्यातील पेढी आणि चार-सहा एकरांची बाग असा संसार चालवणारी जैन घरे आहेत. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत जमीन फोडण्याचा धंदाही गणला आहे, म्हणून मारवाडातून आलेल्या घराण्यांनी नांगरापेक्षा तराजू जवळ केला, असे जुनी मंडळी सांगतात. दुसरीकडे, भगवान ऋषभदेवांनी लोकांना असि, मसि यांच्याबरोबर कृषीही शिकवली, ही परंपराही आपलीच आहे. आणि कोल्हापूर-सांगलीकडील दिगंबर जैन समाज तर पिढ्यान्पिढ्या शेतीच करीत आला आहे. या दोन टोकांच्या मध्ये जालन्याचा बागायतदार व्यापारी उभा आहे. तो स्वतः फारसे खणत नाही. पण झाडाचे मन त्याला कळू लागलेले असते, आणि ते कळवून देणारा बहुधा शेजारच्या बांधावरचा शेतकरी असतो.

मोसंबीची बाग आजारपणाशी जुळवून घेत नाही, ही खरी अडचण. पेढी आठ दिवस मुनीमाच्या हाती सोपवता येते. आंबे बहार धरायचा, तर डिसेंबरात झाडांचे पाणी तोडावे लागते. जमिनीच्या पोताप्रमाणे साधारण दीड ते दोन महिने झाडाला तहानलेले ठेवायचे. यालाच ताण देणे म्हणतात. पाने मलूल होतात, पिवळी पडून गळू लागतात, आणि फांदीत साठलेले अन्न फुलांच्या कामी येण्यास सज्ज होते. मग नेमक्या वेळी खत घालून पहिले हलके पाणी, म्हणजे आंबवणी, त्यानंतर काही दिवसांनी दुसरे, चिंबवणी, आणि पुढे नियमित पाळ्या. ताण कमी पडला तर फुलांऐवजी नुसती पालवी फुटते. जास्त झाला तर झाडच खचते. हा निर्णय तारीख पाहून घेता येत नाही. झाडाखाली उभे राहून, पान चुरगाळून आणि माती मुठीत धरून घ्यावा लागतो.

आता एक चित्र डोळ्यांसमोर आणावे. अशी चित्रे जालन्याच्या बांधांवर अनेकदा उमटली असतील. जानेवारीचा तिसरा आठवडा. नव्या मोंढ्यातील साठी ओलांडलेल्या एका आडत्याच्या छातीत कळ येते, आणि तासाभरात त्यांना छत्रपती संभाजीनगरच्या इस्पितळात हलवतात. बायपास ठरते. बाग ताणावर असते. शेजारच्या बांधावरचे आबा या शेठजींचे चाळीस वर्षांचे स्नेही. शस्त्रक्रियेला जाण्यापूर्वी शेठजी पोराला पैशांविषयी काही सांगत नाहीत; ते आबांना फोन लावायला सांगतात.

"आबा, पानं किती गळाली?"

"पाव हिस्सा गेली असतील, शेठ. तुम्ही आधी तिकडचं बघा."

"तिकडचं डॉक्टर बघतील. पाणी कधी सोडता?"

"आणखी सहा दिस थांबतो."

"थांबा. तुमच्या डोळ्यांवर सोडलं."

आबांची स्वतःची बागही त्याच अवस्थेत असते. विहिरीला पाणी मोजके, मजूर मोजके आणि हाताशी एकच मुलगा. पुढचे दोन महिने ते आधी शेठजींच्या बागेत पाणी सोडून मग आपल्या बागेत वळवतात. हे ते कोणाला सांगत नाहीत. शेठजींनाही ते बऱ्याच काळाने कळते, तेही गड्याच्या तोंडून.

आजाऱ्याच्या सेवेला जैन परंपरेने वैयावृत्त्य म्हटले आणि त्याची गणना आभ्यंतर तपात केली. प्रायश्चित्त आणि विनय यांच्या शेजारी, स्वाध्याय आणि ध्यान यांच्या आधी ते बसवले आहे. साधु-साध्वींच्या सेवेसाठी हा शब्द अधिक वापरला जातो. पण पाय चेपणे, औषध देणे, पथ्य सांभाळणे एवढ्यापुरता त्याचा अर्थ धरला, तर आबांनी केले ते कशात बसवायचे? रोग्याच्या जिवाला ज्याचा घोर लागला आहे, तो घोर आपल्या खांद्यावर घेणे हीसुद्धा सेवाच. आबा जैन नाहीत आणि हा शब्द त्यांनी ऐकलेलाही नसेल.

छातीचे हाड सांधायला दोन-तीन महिने लागतात. त्या काळात ओझे उचलायचे नाही, गाडी चालवायची नाही, धुळीत जायचे नाही, असा दंडक असतो. घरी परतल्यावर शेठजींच्या हाती उरतो फक्त फोन. फेब्रुवारीत बाग फुलते. मोसंबीच्या फुलांचा वास संध्याकाळी रस्त्यापर्यंत येतो. फोनच्या पडद्यावर मात्र पांढरे ठिपके तेवढे दिसतात. आबा एका दुपारी रुमालाची पुरचुंडी घेऊन येतात. आत झाडाखाली गळून पडलेली फुले. तोडलेली नव्हेत, शेठजी तोडलेली फुले हातात घेणार नाहीत, हे त्यांना इतक्या वर्षांत ठाऊक झाले आहे. मोसंबीला फुले बेसुमार येतात आणि शंभरातील मोजकीच फळाला टिकतात, बाकीची झाड आपण होऊन टाकते. शेठजी पुरचुंडी नाकाशी धरतात आणि बराच वेळ बोलत नाहीत. भाभीजी चहा ठेवायला आत निघून जातात.

एकमेकांच्या बागांशी असे बांधलेले राहणे हा फोनमुळे आलेला गुण नव्हे. गणिताचे प्राध्यापक श्रीपाद अच्युत दाभोळकर (१९२४–२००१) यांनी 'प्रयोग परिवार' उभा केला तेव्हा गावोगावच्या बागायतदारांना जोडणारा धागा पत्रांचा आणि भेटींचा होता. एकाच्या वेलीवर काय घडले ते दुसऱ्याला कळावे, एवढीच त्यामागची साधी कल्पना होती. जालन्याजवळ खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रात शेतकऱ्यांची मासिक चर्चा होते. तेथेही व्याख्यानाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, ज्ञान चहाच्या वेळी हातोहात जाते. अमक्याच्या बागेत डिंक्या आला, तमक्याने बुंध्याला बोर्डो पेस्ट लावली आणि आळे दुहेरी केले, म्हणजे पाणी खोडाला लागत नाही. कोण बरेच दिवस दिसला नाही, हेही अशाच ठिकाणी लक्षात येते.

२०१२ च्या दुष्काळाने या स्नेहाची फार कठोर परीक्षा घेतली. पाऊस दगा देऊन गेला, विहिरी आटल्या, जालना शहराला पाणी पुरवणारा घाणेवाडीचा तलावही कोरडा पडला. पंधरा-वीस वर्षांच्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. कोणी टँकरने पाणी विकत आणून घातले, कोणी फांद्या छाटून झाडाची तहान कमी केली, कोणी उसाचे पाचट आणि भुसा आळ्यात पसरून ओल धरून ठेवली. शेवटी अनेकांनी आपल्या हातांनी कुऱ्हाड चालवली. वार्षिक पीक बुडाले तर एक वर्ष बुडते. मोसंबीची बाग गेली, तर नवी कलमे लावून पहिले फळ पाहायला चार-पाच वर्षे लागतात. त्या वर्षी ज्यांनी एक टँकर दोन बागांत वाटून घातला, त्यांची घरे आजही एकमेकांच्या लग्नकार्यात घरचीच मानली जातात.

म्हणूनच आपल्या चित्रातील मे महिना अवघड आहे. शेठजींच्या बागेतील तिसरी ओळ उथळ, मुरमाड जमिनीवर आहे. कूपनलिकेचे पाणी कमी होते आणि त्या ओळीतील चार झाडे शेंड्याकडून वाळू लागतात. आबा रोज सकाळी फोनवर चित्रे पाठवतात. पण ती पहिल्या आणि पाचव्या ओळीची. शेठजी विचारतात, "तिसरी कशी आहे?" दुसऱ्या दिवशी एक चित्र येते. हिरवीगार झाडे, लिंबाएवढी फळे. ते चित्र आबांच्या स्वतःच्या बागेतील असते.

येथे विचार करण्यासारखी गोष्ट आहे. आजाऱ्यापासून वाईट बातमी लपवावी का? हृदयाच्या रोग्याला धक्का बसू नये, म्हणून घरोघरी असे घडते; आणि घरची माणसे एकमेकांना डोळ्यांनी खुणावत असताना रोग्याला सगळे कळलेले असते, हेही घरोघरी घडते. ज्याने तीस वर्षे आडत केली, माल पाहून भाव सांगितला, त्याला आपल्या झाडाची फांदी ओळखू येणार नाही? पण शेठजीही गप्प राहिले. त्यांना झाडांपेक्षा आबांचा धीर खचू द्यायचा नव्हता. दोघे एकमेकांना जपत होते आणि मध्ये चार झाडे वाळत होती.

पावसाळ्यात बागेला आणखी एक त्रास असतो, आणि त्यात आजारपणाचा एक विचित्र धागा गुंतलेला आहे. फळे भरू लागली की सांजवेळेनंतर रस शोषणारा पतंग येतो. त्याची सोंड इतकी कणखर, की फळाच्या सालीतून आरपार जाते. भोक पडलेले फळ सडते आणि गळते. या पतंगाच्या अळ्या मोसंबीवर वाढत नाहीत; त्या बांधावरच्या गुळवेलीवर आणि वासनवेलीवर वाढतात. तापाच्या आणि करोनाच्या काळात काढ्यासाठी जिची घरोघरी आठवण निघाली, तीच ही गुळवेल. बागेभोवतीच्या या वेली काढून टाकाव्यात असा शास्त्रज्ञांचा सल्ला आहे. हिरव्या वेलीवर कोयता चालवताना ज्याचा हात अडखळतो, अशा बागवानाने निदान दोन गोष्टी चुकवू नयेत: गळलेले प्रत्येक फळ रोज सकाळी वेचून बागेबाहेर पुरावे, कारण सडक्या फळाच्या वासाने आणखी पतंग येतात, आणि दिवस मावळताना कडुनिंबाच्या ओल्या पाल्याचा धूर करावा. आबांनी त्या चातुर्मासात दोन्ही बागांत रोज धूर केला. गच्चीवर बसलेल्या शेठजींना तो दिसण्याइतकी बाग जवळ नव्हती, पण त्या वेळेला ते बागेच्या दिशेला तोंड करून बसत.

पर्युषणाचे आठ दिवस आले. वैद्यकीय आज्ञेमुळे शेठजींना अठ्ठाई सोडा, उपवासही करता आला नाही; ते एकासन करून प्रतिक्रमणाला बसत. संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नातेवाइकांच्या आधी त्यांनी आबांना फोन केला.

"मिच्छामि दुक्कडम्, आबा. वर्षभरात काही चुकून बोललो असेन."

पलीकडे थोडा वेळ नुसता धुराच्या खोकल्यासारखा आवाज. मग आबा म्हणाले, "शेठ, माझंच चुकलं. त्या तिसऱ्या ओळीचा फोटो..."

"तुमच्या बागेतला होता. मागं तुमचा पंप दिसत होता."

भाद्रपद संपता संपता फळे उतरली. आबांनी पहिली पाटी घरी आणून ठेवली, तेव्हा मूत्रपिंडाचे दुखणे असणाऱ्यांनी मोसंबी वैद्याला विचारूनच खावी, कारण तिच्यात पोटॅशियम असते, असे कुठेसे वाचलेले शेठजींच्या सुनेने सांगितले आणि आपल्या सासऱ्यांचे रक्ताचे अहवाल पुन्हा काढून पाहिले. अहवाल ठीक होते. भाभीजींनी एक फळ सोलले, बिया काढल्या, फोडी ताटलीत मांडल्या. शेठजींनी पहिली फोड आबांपुढे केली. आबा म्हणाले, "आधी तुम्ही." ताटली दोनदा इकडून तिकडे गेली.

मग बोलणे रंगपूर लिंबाच्या खुंटावर डोळा भरलेल्या कलमांवर आले. तिसऱ्या ओळीतील चार रिकाम्या जागांसाठी कलमे हवी होती. रोपवाटिकेत जायचे तर सकाळी लवकर निघायला हवे होते, आणि या वेळी गाडीत पुढच्या आसनावर शेठजी बसणार होते.