होटगीहून फ्रँकफर्टला!

बालमित्रांनो, होटगी जंक्शनच्या फलाटावर उभं राहून कधी गाड्या पाहिल्यात का? एक वाट मुंबईकडे, एक दक्षिणेकडे, तर एक विजापूरकडे जाते. ‘ही गाडी कुठं जाते हो?’ असं विचारत मोठी झालेली मुलं होटगीत घरोघरी सापडतील.

आता आकाशातलीही वाट उघडली आहे. सोलापूरचा विमानतळ होटगी रस्त्यावरच आहे. तो बरीच वर्षं नुसता पडून होता. सिद्धेश्वर साखर कारखान्याची उंच चिमणी विमानांच्या वाटेत येत होती. ती १५ जून २०२३ रोजी पाडली गेली आणि २०२५ मध्ये आधी गोव्याला, मग मुंबईला विमानं उडाली. तर मग आज कागद-पेन्सिल घ्या. मे महिन्याच्या सुट्टीत चार दिवस जर्मनीतल्या फ्रँकफर्टला जायचं, असा बेत आपण आखू या. जाणं होईल तेव्हा होईल, बेत आखायला कुठं पैसे पडतात?

पहिलं काम पासपोर्टचं. घरातल्या प्रत्येकाला, अगदी तान्ह्या बाळालाही, स्वतःचा पासपोर्ट लागतो. मुलांचा पासपोर्ट साधारण पाच वर्षंच चालतो. बाबांचा आहे म्हणून निर्धास्त राहू नका, तुमच्या पासपोर्टावरची तारीखही पाहा. परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने तो चालू असायला हवा.

दुसरं काम व्हिसाचं. व्हिसा म्हणजे त्या देशाची ‘या’ म्हणून दिलेली परवानगी. जर्मनीसाठी जो मिळतो त्याला शेंगेन व्हिसा म्हणतात. तो युरोपातल्या इतरही बऱ्याच देशांत चालतो. अर्ज प्रवासाआधी सहा महिन्यांपासून करता येतो आणि निदान १५ दिवस आधी तरी करावाच लागतो. पण मेच्या सुट्टीत गर्दी असते, म्हणून जानेवारी-फेब्रुवारीतच तयारीला लागावं. सोबत ३०,००० युरोंचा प्रवास-विमा लागतो. मुलांच्या अर्जाला आई-बाबा दोघांची संमती लागते. बारा वर्षांखालच्यांच्या बोटांचे ठसे मात्र घेत नाहीत, बरं का!

आता खरी गंमत, आणि खरा धोकाही. समजा तिकिटावर लिहिलंय, ‘१० मे, रात्री २.००’. मुंबईच्या विमानतळावर कधी पोचायचं? ‘१० तारखेच्या रात्री’ म्हणालात ना? फसलात! रात्री बारा वाजले की तारीख बदलते. म्हणजे ९ तारखेला रात्री अकराच्या आतच पोचायला हवं. एका दिवसाची ही चूक झाली, तर विमान तुम्हाला सोडून गेलेलं असेल आणि तिकिटाचे पैसे बहुधा बुडालेले असतील.

म्हणून मागून पुढे मोजा. ८ तारखेला रात्री सोलापूरहून सिद्धेश्वर एक्स्प्रेसने निघालात, तर ९ ला सकाळी मुंबई. गाडीला उशीर झाला तरी अख्खा दिवस हाताशी राहतो. सोलापूरहून विमानाने जाणार असाल, तर त्या दिवशी विमान आहे का ते आधी पाहा. दोन तिकिटं वेगवेगळी काढली असतील, तर पहिलं विमान चुकलं म्हणून दुसरं थांबत नाही!

आता एक गणित. मुंबईहून रात्री दोनला निघालेलं विमान नऊ तासांनी पोचलं. आपल्याकडे वाजले ११. मे महिन्यात जर्मनीचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं. मग तिथं किती वाजले? सकाळचे साडेसात!

विमानतळाच्या खालीच रेल्वे स्टेशन आहे. तिथून पाव तासात शहर. पहिल्या दिवशी दमू नका, माइन नदीकाठी फिरा. अंधार पडायला रात्रीचे नऊ वाजून जातात! दुसऱ्या दिवशी झेंकेनबर्ग संग्रहालयातले डायनोसॉरचे भले मोठे सांगाडे पाहा. तिसऱ्या दिवशी महाकवी ग्योटे याचं घर. तो १७४९ साली इथं जन्मला. कालिदासाच्या ‘शाकुंतला’चं जर्मन भाषांतर वाचून तो भारावून गेला होता. मूळ घर दुसऱ्या महायुद्धात उद्ध्वस्त झालं, लोकांनी ते पुन्हा उभारलं. रविवारी मात्र बहुतेक दुकानं बंद असतात, खरेदी शनिवारीच उरका.

हो, आणि या शहराशी सोलापूरचं एक नातंही आहे, कापडाचं! दर जानेवारीत इथं चादरी, टॉवेल, पडदे यांचं जगातलं एक मोठं प्रदर्शन भरतं.

डब्याचं काय? कडक भाकरी आणि शेंगाची चटणी खुशाल न्या. पेढे, तूप, आंबे मात्र आजीला घरीच ठेवायला सांगा. दुधाचे पदार्थ न्यायला तिथं बंदी आहे, आणि आंब्याला सरकारी दाखला लागतो.

चला तर, आज जेवणं झाली की आई-बाबांना घेऊन बसा. आधी सगळ्यांचे पासपोर्ट काढा आणि तारखा वाचा. एखाद्याचा नसेल, तर तुमच्या कागदावर काम नंबर एक तेच!