स्प्रेडशीटमधील सेल फॉरमॅटिंग आणि स्टाईल्स : साठवलेले मूल्य व दिसणारे रूप

प्रस्तावना :

अंतर्गत गुणांची नोंद, हजेरीपट, शिष्यवृत्तीच्या याद्या, प्रवेशाचे गोषवारे अशी महाविद्यालयातील अनेक कामे आज स्प्रेडशीटच्या साहाय्याने केली जातात. या कामात सेलचे फॉरमॅटिंग ही केवळ सजावट आहे असा समज सर्वत्र आढळतो. प्रत्यक्षात फॉरमॅटिंग म्हणजे संगणकाने साठवलेले मूल्य वाचकाला कोणत्या रूपात दाखवायचे याविषयीची सूचना होय. मूल्य आणि रूप यांतील हा भेद ध्यानात न घेतल्यास गणित बरोबर असूनही निकालपत्रक दिशाभूल करणारे ठरू शकते. प्रस्तुत लेखात एक्सेल व लिबरऑफिस कॅल्क यांच्या आधारे हा भेद स्पष्ट केला आहे.

१. मूल्य आणि रूप :

एक्सेलमध्ये दिनांक हा मुळात एक क्रमांक असतो. १ जानेवारी १९०० या दिवसाला १ हा क्रमांक देऊन पुढील दिवस मोजले जातात. त्यानुसार १ मे १९६० हा दिनांक २२०३७ या संख्येच्या रूपात साठवला जातो. सेलचा फॉरमॅट बदलताच तीच संख्या दिनांक, वार किंवा महिना म्हणून दिसते. मूल्य मात्र तेच राहते. तसेच ०.७५ हे मूल्य टक्केवारीच्या फॉरमॅटमध्ये ७५ टक्के असे दिसते.

२. पूर्णांकनाचा प्रश्न :

समजा, उत्तीर्णतेची मर्यादा ४० गुण आहे आणि एका विद्यार्थ्याच्या गुणांची सरासरी ३९.६ आली आहे. दशांश स्थळे शून्य ठेवल्यास सेलमध्ये ४० दिसतात. परंतु 'गुण ४० किंवा अधिक असल्यास उत्तीर्ण' हे सूत्र ३९.६ हेच मूल्य तपासते. परिणामी छापील पत्रकावर ४० या आकड्यासमोर 'अनुत्तीर्ण' असा शेरा उमटतो. बेरजेतही असेच घडते. १३.४ ही संख्या तीन वेळा मिळवल्यास ४०.२ येतात, पूर्णांकात मात्र १३, १३, १३ आणि बेरीज ४० असे दिसते.

येथे संगणकाची चूक नसते. अपूर्णांक पूर्ण करावयाचा की नाही, हे परीक्षेच्या नियमाने ठरावयास हवे. दशांश स्थळे कमी करणाऱ्या बटणाने नव्हे. नियम पूर्णांकनास अनुमती देत असेल, तर 'राउंड' हे फल वापरून मूल्यच बदलावे. नियम तसे सांगत नसेल, तर दशांश दिसू द्यावा. मूल्ये दिसतात तशीच कायम करण्याचा पर्यायही एक्सेलमध्ये आहे. परंतु त्यामुळे मूळ दशांश कायमचे नष्ट होतात आणि पर्याय बंद केल्यावरही ते परत मिळत नाहीत.

३. क्रमांक म्हणजे संख्या नव्हे :

हजेरी क्रमांक, खाते क्रमांक, आधार क्रमांक यांची बेरीज-वजाबाकी कोणी करीत नाही. ही ओळखचिन्हे आहेत. ००७ असे लिहिल्यास सामान्य फॉरमॅटमध्ये ७ उरतात. १२ अंकी आधार क्रमांक घातांकाच्या रूपात दिसू लागतो. तेथे मूल्य सुरक्षित असते, केवळ रूप बदललेले असते. परंतु एक्सेल संख्येचे १५ अंकच अचूक साठवते. त्यामुळे १६ अंकी खाते क्रमांकातील शेवटचा अंक शून्य होतो, आणि शिष्यवृत्तीची रक्कम ज्या क्रमांकावर पाठवावयाची तोच चुकतो. म्हणून अशा स्तंभांना माहिती भरण्यापूर्वीच 'टेक्स्ट' फॉरमॅट द्यावा. नंतर दिल्यास गेलेले अंक परत येत नाहीत.

संशोधनातही याचे परिणाम दिसले आहेत. 'सेप्ट२', 'मार्च१' अशा रोमन लिपीतील जनुकनामांचे एक्सेलने दिनांकांत रूपांतर केल्याचे अनेक शोधनिबंधांच्या पुरवण्यांत आढळले. २०२० मध्ये मानवी जनुकांची नावे ठरविणाऱ्या समितीने अशा काही जनुकांची नावेच बदलल्याचे जाहीर केले. २०२३ मध्ये हे आपोआप होणारे रूपांतर बंद ठेवण्याची सोय एक्सेलमध्ये आली. तरीही प्रत्येक संगणकावर ती वापरली जाईलच असे गृहीत धरता येत नाही.

४. स्टाईल्सचा उपयोग :

कंट्रोल व १ या कळा एकत्र दाबल्यावर फॉरमॅटची चौकट उघडते. तेथील संख्येचे रूप, संरेखन, अक्षरवळण, कडा, पार्श्वरंग आणि संरक्षण या सहा बाबींच्या संचाला नाव दिले की सेल स्टाईल तयार होते. स्टाईलमध्ये बदल केल्यास ती दिलेल्या सर्व सेलचे रूप एकाच वेळी बदलते. कॅल्कमध्ये एका स्टाईलवरून दुसरी स्टाईल बेतता येते व मूळ स्टाईलमधील बदल तिच्यातही उतरतात.

स्टाईलचे नाव रूपावरून न ठेवता कार्यावरून ठेवावे. 'पिवळा ठळक' या नावापेक्षा 'भरावयाचे गुण', 'सूत्राचे उत्तर', 'ओळख क्रमांक' ही नावे अधिक उपयुक्त ठरतात. 'ओळख क्रमांक' या स्टाईलमध्ये टेक्स्ट फॉरमॅट, तर 'सूत्राचे उत्तर' या स्टाईलमध्ये कुलूप अंतर्भूत करता येते. मात्र पत्रकाला संरक्षण दिल्याखेरीज हे कुलूप लागू होत नाही.

५. काही मर्यादा :

हाताने दिलेल्या रंगाचा अर्थ सामान्य सूत्राला वाचता येत नाही आणि कृष्णधवल छपाईत तो हरवतो. म्हणून शेऱ्याचा स्वतंत्र स्तंभ ठेवावा व रंग सशर्त फॉरमॅटिंगने द्यावा. सशर्त फॉरमॅटिंगही साठवलेले मूल्यच तपासते, त्यामुळे ४० दिसणारा सेल लाल होऊ शकतो. शीर्षकासाठी सेल एकत्र जोडणे क्षम्य आहे. माहितीच्या ओळींत तसे केल्यास क्रमवारी लावताना अडथळा येतो.

समारोप :

प्रथम मूल्याचा प्रकार ठरवावा, नंतर त्यास स्टाईल द्यावी आणि सजावटीचा विचार शेवटी करावा, हा क्रम पाळल्यास वरील बहुतेक दोष टळतात. निकालपत्रकाचा नमुना विभागात एकदाच काळजीपूर्वक तयार करून सर्वांनी तोच वापरणे इष्ट ठरते. पत्रकावर दिसणारा आकडा आणि ज्याच्या आधारे निर्णय झाला तो आकडा एकच असावा, ही विद्यार्थ्याची रास्त अपेक्षा असते. ती पूर्ण होणे हेच फॉरमॅटिंगचे खरे प्रयोजन होय.